मॉनिटरवरचं गजराचं घड्याळ

सांगलीत कॉम्प्युटरला पहिल्यांदा घंटी बसवली ती मी. बसवली म्हंजी काय, मॉनिटरच्या डोक्यावर गजराचं घड्याळ ठेवलं अन् पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर आवळलं.

मी नामू घड्याळवाला. दिवाळी अंकात माझं नाव छापून येणार म्हणल्यावर बायको म्हणली, "मतदार यादीत येतंय तेवढं बास न्हाई का?" तिचं ऐकलं असतं तर तुमचा येळ वाचला असता. मी बोलतोय अन् धाकटी सून लिहून घेतीय, कारण माझी शाळा दुसरीत आटोपली. बारापातूर आकडं आलं अन् मी थांबलो. घड्याळाच्या धंद्याला बाराच्या पुढं काय लागतच न्हाई. सून म्हणती, "मामंजी, मिनिटं साठ असत्यात की." असत्यात, पर ती पाचापाचानं मोजायची असत्यात.

धंदा शिकलो साताऱ्यात, गुलाबचाचांच्या हाताखाली. लोकांना वाटतं घड्याळ दुरुस्त करणं म्हंजी लय डोक्याचं काम. तसं काय न्हाई. चावीच्या घड्याळात एक कमान असती. चावी दिली की ती आवळती अन् मंग उलगडत उलगडत चाकं फिरवती. चाकांनी सुसाट सुटू नये म्हणून एक गोल चाक इकडून तिकडं झुलत असतंय, तेच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग. टिकटिक करतंय ते हेच. त्या स्प्रिंगेला लागून एक इवलीशी दांडी असती. ती एका अंगाला सरकवली की घड्याळ पळतंय, दुसऱ्या अंगाला सरकवली की रेंगाळतंय. सगळा धंदा त्या दांडीवर. डोळ्याला भिंग लावून श्वास धरून बसायचं, ते गिऱ्हाईकाला आपली कीव यावी म्हणून.

चाचांनी मला शिकवलं त्यातलं मी बरंच इसरलो, पर एक गोष्ट हाताला चिकटली ती चिकटलीच. चाचा म्हणायचं, "नामू, दांडी कवाबी केसभर जलदच्या अंगाला ठेव. गिऱ्हाईक ष्टँडवर लवकर पोचलं तर डायवरला शिव्या देतंय. उशिरा पोचलं तर तुला देतंय."

झालं. तवापासून माझ्या हातनं गेल्यालं घड्याळ दिवसाला चार-पाच मिनिटं पुढं पळणार म्हंजी पळणारच. गिऱ्हाईक सकाळी काटा मागं घ्यायचं अन् म्हणायचं, "घड्याळ लय चांगलं पळतंय, नामू." आमच्याकडं पळणारं घड्याळ म्हंजी तब्येतीनं चांगलं, बैलासारखं. रेंगाळणारं म्हंजी आजारी.

एकदा तासगावच्या अंगाला एका लग्नात गेलो. नवरीच्या मामाच्या हातात माझ्याकडनं नेल्यालं घड्याळ, नवरदेवाच्या चुलत्याच्या हातात पण माझ्याकडनंच. दोन्ही पुढं, पर सारखी पुढं न्हाईत. मामा म्हणतोय मुहूर्त टळला. चुलता म्हणतोय अजून अवकाश हाय. अंतरपाट धरून दोघंजण उभी, तेंचं हात लटपटायला लागलं. मामा म्हणला, "हे घड्याळ सांगलीत नामूकडं लावल्यालं हाय." चुलता म्हणला, "मंग हे काय आकाशातनं पडलं व्हय? हे बी नामूकडचंच." मी बुंदीच्या परातीआड बसलो. शेवटी भटजी म्हणला, मुक्कामाची एस्टी आली की टाका अक्षता. एस्टी आली, लगीन लागलं. माझ्या दोन घड्याळांपेक्षा खिळखिळी एस्टी भरवशाची निघाली.

सगळ्या गिऱ्हाईकात एकच माणूस ह्या जलदपणावर चिडायचा, सुभेदार निकम. पलटणीतनं पेन्शनीत आल्यालं, मूळ फलटणच्या अंगाचं, सांगलीत लेकीकडं राहायचं. रेडिओच्या टुकटुकीवर घड्याळ मिळवायचं अन् दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "नामदेव, चार मिनिटं पुढं."

"आवं सुभेदार, पुढंच हाय न्हवं? मागं तर न्हाई?"

"येळेआधी गोळी झाडणारा जवान अन् येळेआधी वाजणारं घड्याळ, दोघांच्यापायी आपलीच माणसं मरत्यात."

मी फिदीफिदी हसलो. म्हणलं, "सुभेदार, गजराच्या घड्याळानं कवा कोण मेलंय व्हय?"

हे ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई.

नव्वद साल मागं पडून दोन हजार यायला लागलं, तवा माझं दुकान बाजारातल्या एका जिन्याखाली हुतं. दुकान म्हंजी कपाटच, मी आत बसलो की दार लागायचं न्हाई. सेलची घड्याळं आल्याली. ती बिघडली की लोक नवीन घ्यायची, जुनं पोराला खेळायला. मी दिवसभर बसून जिन्यानं वर जाणाऱ्यांच्या चपला मोजायचो. जिन्याच्या वर एकानं सायबर कॅफे काढला हुता. मालक कवातरी यायचा, सगळं बघायची सुनीता कांबळे. मिरजेची पोरगी, बाप रेल्वेत, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केल्याली. रोज मिरजेहून यायची अन् वर जाताना माझ्या दुकानातलं घड्याळ बघून म्हणायची, "काका, तुमच्या घड्याळात आजपण मी उशिरा आले, अन् वरच्या घड्याळात लवकर."

एक दिवस भर दुपारी ती खाली आली. "काका, दर थोड्या येळानं टण्ण करून वाजंल असं घड्याळ करून द्याल का?"

"कुणाला औषध द्यायचं हाय?"

"न्हाई. राक्षस मारायचा हाय."

मी घड्याळवाला, मांत्रिक न्हवं, असं सांगायला तिच्यामागं वर गेलो. वर दोन पोरं बसल्याली, इंजिनियरिंगची. एक वाळव्याकडच्या उसाच्या घरचा विक्रम, अंगानं दांडगा. दुसरा प्रसाद, तोंडानं दांडगा. पडद्यावर बघतो तर काळ्यावर नुसती हिरवी अक्षरं. मुंग्या चालल्यागत वर सरकत हुती.

"चित्र कुठं हाय?"

"चित्र न्हाई काका," सुनीता म्हणली. "वाचायचं असतंय. फोनच्या लायनीवरनं जगभरची माणसं एका जागी येत्यात अन् लढत्यात."

"लढत्यात कुठं?"

"डोक्यात."

"डोक्यात मारामारी आमच्या घरी रोज असती. तेला फोनचं बिल येत न्हाई."

मंग तिनं समजावलं. तुमाला पण सांगतो, मला समजलं म्हंजी कुणालाबी समजंल. खेळात परतेकाचा एक माणूस असतो. त्यो तुमी बनवायचा, नाव ठेवायचं, फिरवायचा, लढवायचा, मोठा करायचा. विक्रमचा एक पैलवान हुता. प्रसादचा एक तलवारवाला. सुनीतानं एक बाई केली हुती, ढालवाली. नाव जिजी.

"जिजी कोण?"

"माझी आज्जी. मिरजेच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची. तिच्या जागेवर कुणी पाय ठेवायची टाप न्हवती."

जिजीला मोठी करायला सुनीताला वरीस गेलं हुतं. दिवसभर दुसऱ्यांना इमेल उघडून द्यायची, कुणाचा अर्ज, कुणाचा निकाल. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की अर्धा तास जिजी. पर खेळाचा कायदा वंगाळ. माणूस तीनदा मेला की कायमचा पुसला जातोय, अन् ते नाव पुन्हा कुणालाच मिळत न्हाई. जिजी दोनदा मेल्याली.

"मंग आता लढू नकोस की," मी म्हणलं.

"काका, त्या राक्षसाच्या पलीकडं गेलं की आपलं गाव वसवता येतंय. नाव आपण ठेवायचं, वेस आपण बांधायची, आत कुणाला घ्यायचं ते आपण ठरवायचं." तिनं खुर्चीच्या पाठीवर हात मारला. "हितं माझं काय हाय? खुर्ची पण मालकाची."

मी राक्षसाचं इचारलं.

राक्षस एका मिनिटात तीनदा तोंडातनं आग टाकायचा. नेमानं. आगीच्या जरा आधी मागं सरायचं, आग गेली की पुढं होऊन घाव घालायचा. अडचण अशी की मागं सरल्याल्या माणसाला काय दिसायचं न्हाई. आग कुणाला लागली तरच पडद्यावर अक्षरं यायची, अन् अक्षरं येईपातूर माणूस भाजल्याला असायचा. तिघांचं डोळं पडद्यावर, बोटं बटनांवर, मंग घड्याळ कोण बघणार? म्हणून कानाला ऐकू येणारी खूण पाहिजे हुती. सुनीतानं कॉम्प्युटरातच तसा प्रोग्राम करून बघितला हुता. त्यो चालू केला की खेळ गपकन बंद पडायचा. साताऱ्याची पोरं तोंडानं मोजत लढायला गेली अन् सगळी जळून आली, म्हणं. साताऱ्याचं ऐकून मला जरा लागलं, गुरूचं गाव हाय. पर मी सांगलीच्या बाजूनं उभा ऱ्हायलो. जिना सांगलीत हुता.

मी एक जुनं गजराचं घड्याळ घेतलं, माझ्या सासऱ्यानं लग्नात दिल्यालं. सेकंदाचं चाक मिनिटात एक फेरा घेतं. तेच्यावर सारख्या अंतरानं तीन पिना बसवल्या, परतेक पिन गजराचा हातोडा उचलायची अन् टण्ण. एवढंच. पर दोन दिवस मी भिंग डोळ्यावरनं काढलं न्हाई. बायको म्हणली, "डोळ्यावरचं झाकण काढून जेवा तरी, भातातला खडा डोंगराएवढा दिसंल." लय दिवसांनी हाताला काम लागल्यालं. सेलच्या घड्याळात पिन कुठं बसवशील, सांग बघू? कुणाला इचारत हुतो कुणास ठाऊक, पर दिवसभर तोंडानं हेच चालू.

घड्याळ उघडंच हुतं, तवा जाता जाता साफ केलं, तेल दिलं अन् दांडी लावली. दांडी लावताना हात इचार करत न्हाई. हाताला सवय असती.

रविवारी सकाळी कॅफे बंद ठेवून तिघं बसली. मी मधल्या मॉनिटरवर घड्याळ रबरानं बांधलं अन् शेजारी उभा ऱ्हायलो, आखाड्यात वस्ताद उभा असतोय तसा. हातात फडकं. कशाला घेतलं हुतं ठाऊक न्हाई, कायतरी हातात पाहिजे म्हणून.

ठरल्याप्रमाणं पहिली आग विक्रमच्या पैलवानानं अंगावर घेतली. अक्षरं आली. सुनीतानं हात वर केला, मी झुलतं चाक सोडलं. घड्याळ चालू झालं. पुढच्या आगीच्या जरा आधी, टण्ण. तिघं मागं. मंग पुढं. सपासप. टण्ण. मागं. पुढं. सपासप.

काय सांगू तुमाला, असं वाटलं की सगळं जग माझ्या घड्याळावर नाचतंय. प्रसाद ओरडला, "काका, तुमी ग्रेट हाय!" मी फडक्यानं घड्याळ पुसलं. पुसायचं काय न्हवतं.

राक्षस लय चिवट. अर्धा तास झाला तरी मरंना. मंग विक्रम म्हणला, "आयला, चटका बसला." प्रसाद म्हणला, "लाईन स्लो हाय." मी पण म्हणलं, "लाईनच स्लो हाय." लाईन म्हंजी काय ते मला ठाऊक न्हवतं, पर शिव्या घालायला टेलिफोनवालं बरं असत्यात. थोड्या येळानं पुन्हा चटका. पुन्हा टेलिफोनवाल्यांचा उद्धार. तासाच्या आसपास विक्रमचा पैलवान उभ्या उभ्या जळून गेला. विक्रम खुर्चीतनं उठला अन् भिंतीला डोकं टेकून उभा ऱ्हायला, घरातलं कोण गेल्यागत.

प्रसाद टेलिफोनवाल्यांच्या आईपातूर पोचला हुता. सुनीतानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काका, हे घड्याळ कसं लावलंय?"

"एकदम झकास लावलंय."

"झकास म्हंजी कसं?"

"दुकानातलं लावतो तसंच की."

ती एकच वाक्य म्हणली. "दुकानातलं घड्याळ रोज पुढं असतंय, काका."

टण्ण. कुणीच हललं न्हाई. दिवसाला पाच मिनिटं म्हंजी तासाला किती, ते मला बाराच्या पुढचं गणित. पर सुनीताला येत हुतं. माझं घड्याळ जरा जरा करत इतकं पुढं सरकलं हुतं की आग गेली असं समजून पोरं नेमकी आगीच्या तोंडात जात हुती. सुभेदार माझ्या डोळ्यापुढं कडक सलाम ठोकून उभं ऱ्हायलं.

मी म्हणलं, "मॉनिटरात लोहचुंबक असतंय, तेच्यामुळं झालं आसंल." कुणी ऐकलं न्हाई. तसं ते माझंच मला ऐकवंना.

"दांडी मागं घ्या," सुनीता म्हणली, "अन् चाक धरून ठेवा. मी हात वर केला की सोडा."

"पर हात कवा वर करणार? आग दिसत न्हाई न्हवं?"

"लागल्यावर दिसती."

प्रसाद म्हणला, "मी थांबतो आगीत."

"तुझा मेला तर घाव कोण घालणार? जिजीच्या हातात ढालच हाय नुसती."

"सुनीता, अगं तिसऱ्यांदा हाय. तिच्यात जीवच किती उरलाय?"

"बघितलंय."

मी चिमट्यानं दांडी मागं घेतली. केसभरच सरकवायची असती, अन् त्या दिवशी ती केसभर जागा मला ह्या गावापासनं त्या गावाएवढी लांब वाटली. झुलत्या चाकावर बोट ठेवलं. घड्याळ गप. एवढं गप घड्याळ मी दुकानात शंभरदा बघितलं असंल, पर कुणाचा तरी जीव वाट बघतोय असं कवा वाटलं न्हवतं. सुनीतानं जिजीला एकटीला पुढं केलं अन् बटनांवरनं दोन्ही हात काढून मांडीवर ठेवलं. पडद्यावर हिरवी अक्षरं थांबल्याली. मला वाचता येत न्हाई, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत हुतो.

तिनं हात वर केला.

मी बोट काढलं.

टिकटिक सुरू झाली. तिच्या पडद्यावर एक ओळ आली अन् मंग सगळा पडदा काळा. प्रसादनं हळू आवाजात वाचून सांगितलं, जिजी गेली, हे नाव आता कुणाला मिळणार न्हाई, असं लिवल्यालं हुतं.

"माझ्याकडं काय बघतोस?" सुनीता प्रसादवर खेकसली. "घंटी ऐक!"

टण्ण. प्रसाद मागं. पुढं. सपासप. आता चटका न्हाई. टण्ण. माझ्या आयुष्यात घड्याळ बरोबर येळेला चालल्यालं मी पहिल्यांदा बघितलं. थोड्या येळात प्रसाद खुर्चीतनं उडाला अन् असा बोंबलला की खालचा चहावाला वर आला. राक्षस पडला हुता.

विक्रमनं प्रसादला उचललं. सुनीता कोपऱ्यातल्या माठाचं पाणी प्याली. दोन पेलं. मंग येऊन उभी ऱ्हायली.

"गावाचं नाव इचारतंय," प्रसाद म्हणला. त्यो आता दबकून बोलत हुता. "काय ठेवू?"

"माणसाला ते नाव मिळणार न्हाई. गावाला मिळतंय का बघ." तिनं ओठ पुसलं. "जिजीची वाडी टाक."

मिळालं. तिला सोताला त्या वाडीत पाय ठेवायला पुन्हा पहिल्यापासनं नवा माणूस करून वाढवायला लागला. मी चार दिवस जिन्याकडं पाठ करून बसलो. पाचव्या दिवशी ती दुकानापुढं थांबली अन् म्हणली, "काका, तोंड फिरवलं तर जिना दिसत न्हाई, पर तुमी जिन्यावरनं दिसताय की." मंग तिनं सासऱ्याचं घड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे आता लागणार न्हाई."

तिनं परत बसून प्रोग्राम केला हुता. आता खेळ बंद न पाडता वाजायचा, कॉम्प्युटरच्या पोटातनंच, टुक्क. पिन न्हाई, हातोडा न्हाई, तेल न्हाई, दांडी तर न्हाईच. बघायला मी वर गेलो. चांगला चालत हुता. एवढा चांगला चालत हुता की मला त्याच्यात करण्यासारखं काय दिसंना. चाचा असतं तर म्हणलं असतं, नामू, हेला पुढं कसं पळवायचं? मी सासऱ्याच्या घड्याळातल्या तीन पिना काढल्या अन् ते घरी नेलं. बायको म्हणली, "बाबांचं घड्याळ लढाईवरनं आलं, अन् तुमी?"

पर एक गोष्ट प्रसादनं मला हळूच सांगितली अन् माझी छाती फुगली. त्या प्रोग्रामला सुनीतानं नाव ठेवलं हुतं नामू. पोरं म्हणायची, नामू चालू कर, नामू बंद कर. मी ही गोष्ट दुकानात येणाऱ्या परतेकाला सांगितली. येत न्हवती त्यांना रस्त्यावर गाठून सांगितली. दुसरी नापास माणसाच्या नावाचा प्रोग्राम, तो पण फोनवरनं जगभर जाणारा! चहावाला तर मला बघून दुसऱ्या दारानं जायचा.

एक दिवस सुभेदार घड्याळ घेऊन आलं. तेंनी तोंड उघडायच्या आधीच मी सुरू झालो. "सुभेदार, आता नामू कॉम्प्युटरात गेलाय. ह्या वरच्या पोरीनं माझ्या नावानं प्रोग्राम केलाय."

"तुझ्या नावानं? कशाबद्दल?"

तेवढ्यात सुनीता जिना उतरत हुती. मी ऐटीत म्हणलं, "हीच की ती. इचारा हिलाच."

सुभेदारांनी इचारलं, "काय गं पोरी, प्रोग्रामला ह्याचं नाव का दिलंस?"

ती चप्पल घालता घालता म्हणली, "आवं सुभेदार, कवातरी चुकीच्या येळी वाजणारच की. तवा पोरांना शिव्या घालायला एक नाव पाहिजे. ह्या नावाची सगळ्यांना सवय हाय."